आईचा प्रश्न

गोळ्या बदलून पाहिल्या तरी मैत्रेयीचं नैराश्य हटेना, तेव्हा डॉक्टरांनी डोक्याला चुंबकीय लहरी देण्याचा उपचार सुचवला. हे कळताच आई निपाणीहून तडक बंगळूरला आली आणि महादेवपुऱ्यातल्या लेकीच्या छोट्या फ्लॅटमध्ये नुसत्या येरझारा घालू लागली.

"डोक्याला यंत्र लावून घेणार? आणि काही बिघडलं म्हणजे?"

"शॉक नसतो गं तो. जागेपणीच देतात. टकटक आवाज येतो, एवढंच."

"आमच्या वेळी कुणी घेतले असले उपचार? संसार झालेच ना सगळ्यांचे?"

मैत्रेयीचा आधीच निर्णय होत नव्हता. आईच्या बोलण्यानं उरलासुरला धीरही गेला. तरी दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात निघाली, तशी आईही हट्टानं रिक्षात बसली.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"अम्मा, तुम्हाला काही विचारायचंय?"

आता आई भांडणार, म्हणून मैत्रेयीनं मान खाली घातली.



"हिचं दुखणं दोन वर्षांचं आहे," आई हळूच म्हणाली, "माझं हिच्या जन्मापासूनचं. मला येईल का हो गुण?"