सातशे-सोळा

“कंपनीच्या मापानं जायचं तर टायर सहाशे-सोळाचे,” जीपखालून बाहेर येत गिरधर मिस्त्री म्हणाला. “पण मी चाकांवरच्या कमानींत पोलादाचा एकेक पाटा वाढवलाय. गाडी दोन इंच उचलली. तेव्हा साडेसहाशेही आरामात बसतील. त्याच्या पुढं मात्र जाऊ नका, साहेब.”

जीप सरकारी, खरे साहेब सडक खात्याचे अधिकारी. शनवाऱ्यातल्या गिरधरच्या दुकानापुढं ते स्टुलावर ताठ बसले होते. समोर आलेला चहा त्यांनी परत पाठवला. तो ते कुणाचाच घेत नसत. नियमाच्या बाहेर पाऊल न टाकणारा माणूस, अशी अख्ख्या बऱ्हाणपुरात त्यांची ख्याती होती. आता तर ते महिन्याभराचेच पाहुणे होते. राज्यांची नवी वाटणी झाली, इथला कारभार नागपूरहून भोपाळला गेला आणि साहेबांनी मुंबई राज्यात जायचं लिहून दिलं होतं.

“तुमचं गाव कोणतं, मिस्त्री?” साहेबांनी सहज विचारलं.

“पिंपळदरं. सडक सोडली की आत सव्वापाच मैल.” गिरधर पाना पुसत हसला. “पाच मैलांच्या आतल्या गावांना पक्की सडक मिळणार म्हणे. आमचं पाव मैलानं हुकलं. केळीचे घड शहरात येईस्तोवर काळे पडतात.”

“नियम म्हणजे नियम,” साहेब म्हणाले. “पाव मैल असो की पाव फूट.”

“बरोबर आहे, साहेब. मला वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. वीस वर्षं मोटारी दुरुस्त करतोय. पण माझ्या हातची एकही मोटार माझ्या आईनं पाहिली नाही. नाल्यापुढं गाडी येतच नाही, अन् ती गाव सोडत नाही.”

साडेसहाशे मागवा म्हणून साहेब उठून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते परत आले. “सातशे-सोळा बसवा.”

गिरधरच्या कपाळाला आठी पडली. “घासतील, साहेब. चाक पुरतं वळवलं की मागं कमानीला लागतील.”

“उपाय?”

“वळण अडवणारा आटा, म्हणजे स्क्रू, थोडा बाहेर काढून चाक कमी वळेल असं करावं लागेल. मडगार्डची कड आत ठोकावी लागेल. गाडीला वळायला जागा जास्त लागेल. वर ओढही कमी होईल.”

“चालेल. करा.”

“अन् मीटर चुकेल. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त जातं. बारा मैल पळाली तर मीटर अकराच दाखवील. त्याचं दातेरी चाक बदलावं लागेल, ते इंदूरहून मागवतो.”

“मीटर राहू द्या,” साहेब तुटकपणे म्हणाले. “मीटर कोण पाहतं?”

गिरधर मनात म्हणाला, चार दिवसांचा पाहुणा, अन् ऐट बघा! उंच जीपमधून निरोपाचे हार घ्यायचे असतील. पण काम हातात घेतलं की त्याचा राग उतरायचा. दोन दिवस खपून त्यानं कड ठोकली, आटा बसवला, हवा मोजून भरली. शेवटी जीप राजपुऱ्याच्या अरुंद गल्लीतून फिरवून आणली. एकदाही टायर घासलं नाही. शेजारचा लोटू सायकलवाला म्हणाला, “गिरधर, ही तर हत्तीसारखी डुलत चालते.” गिरधरची छाती फुगली.

रविवारी साहेब स्वतः जीप घेऊन दुकानावर आले. “बसा. कच्च्या रस्त्यावर कुठं आवाज येतो का ते तुम्हीच ऐका.”

सडक सोडून पिंपळदऱ्याची वाट लागली तेव्हा गिरधर चमकला. वळणावर साहेबांनी गाडी थांबवली, डायरी काढून काहीतरी टिपलं. पेट्रोलचा हिशेब असेल. मग नाला आला. जिथं बैलगाड्यांचे आस टेकायचे, तिथून जीप पोट न घासता वर चढली. गिरधर कान देऊन ऐकत होता. कमानीचा साधा कुरकुर आवाजही नव्हता.

गावाच्या पारापाशी पोचेपर्यंत निम्मं गाव धावत आलं होतं. गिरधरची आई मालूबाई सुनेचा हात धरून आली. तिनं आधी मुलाकडं पाहिलं, मग जीपकडं.

“हे तू केलं का रे, गिरधर?”

“चाकं मी बसवली, माय. गाडी मी उचलली.”

म्हातारीनं टायरवरून हात फिरवला, खाचांतली माती बोटानं काढली. मग घरून हळदकुंकू आणवलं आणि चारही चाकांना लावलं. “माझ्या लेकाच्या हातची मोटार,” ती जमलेल्या बायांना सांगत राहिली. गिरधरला डोळे पुसावे लागले. आपण या माणसाला काय समजलो, याची त्याला लाज वाटली. एका म्हातारीला लेकाची मोटार दाखवायला त्यानं एवढी उंच चाकं घातली!

साहेबांनी आज चहाही घेतला. कप खाली ठेवून ते जीपमध्ये वाकले, मीटर पाहिलं, डायरीतला आकडा वजा केला. मग पिशवीतून खात्याची मोजणीवही काढून बॉनेटवर उघडली आणि मोठ्यानं उच्चारत लिहू लागले.

“पिंपळदरं. पक्क्या सडकेपासून अंतर, चार मैल आठ दशांश.”

“पण साहेब, मीटर तर...” गिरधर पुढं झाला.

“मीटर सरकारी आहे, मिस्त्री,” वर न पाहता साहेबांनी सही ठोकली. “ते सांगेल तेच मला लिहावं लागतं. नियम म्हणजे नियम.”