नुसता कान

"आता कोणी बोलू नका," जावई म्हणाला आणि सासूनं उघडलेलं तोंड मिटलं.

जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारून त्यानं लॅपटॉप मांडला होता. लॅपटॉपला बोटाएवढं यंत्र, यंत्राला वायर, वायर खिडकीतून गच्चीवरच्या अँटेनाला. समुद्रावरचं बोलणं आता घरबसल्या ऐकू येणार होतं. पडद्यावरच्या नकाशात जहाजांचे हिरवे त्रिकोण सरकत होते. तो एकेकाचं नाव अशा थाटात वाचत होता, जणू ती त्यानंच पाण्यात सोडली होती.

खरखरीतून माणसाचा आवाज आला. "...इंजिनात पाणी शिरलंय... वारा खडकांकडे ढकलतोय... दीपगृहाच्या दक्षिणेला आहे... ऐकतंय का कोणी?"

सासू उठून उभी राहिली. "जावईबापू, अहो, धाकटा आहे माझा!"

जावयानं नकाशा मोठा केला. "दीपगृहाच्या दक्षिणेला एकही बोट नाही, आई. हे बघा, सगळं रिकामं."

"त्याच्या होडीवर कुठलं आलंय ठावठिकाणा कळवणारं यंत्र? ती तुमच्या नकाशात कशी दिसेल?"

"दिसत नाही म्हणजे नाही. कोणीतरी टवाळी करतंय."

"भाऊ आहे माझा. मला आवाज कळत नाही?" बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "उत्तर द्या त्याला."

"अगं, याच्यावरून बोलता येत नाही. याला नुसता कान आहे, तोंड नाही."

"तुम्हाला आहे ना? बंदरावर फोन करा."

त्यानं हात वर केला. आवाज पुन्हा येत होता. त्यानं घाईघाईनं रेकॉर्डिंग सुरू केलं, खरखर कमी केली आणि त्याचा चेहरा उजळला. "वा! एवढ्याशा अँटेनावर इतकं स्वच्छ! आमच्या रेडिओवाल्यांच्या ग्रुपमध्ये कुणाच्या बापाला जमलेलं नाही."

"जावईबापू, पाया पडते तुमच्या..."

"घातलात ना घोळ, आई! तुमचा आवाज आला मध्ये."

बायकोनं पायपुसण्याकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि बंदराच्या कार्यालयाला फोन लावला. भावाची जागा ती ओरडून सांगू लागली, तेव्हा जावयानं भिंतीवर थाप मारली. "हळू!"

नंतर बराच वेळ नुसती खरखर होती. सासू देवाचं नाव घेत होती, तेही ओठातल्या ओठात. जावई चहा पीत बसला होता.

"पुन्हा एकदा बोलला तर बरं होईल," तो म्हणाला. "मघाचं वाया गेलं."

उन्हं उतरली तेव्हा एक जाडाभरडा आवाज आला. "बंदराची लाँच बोलतेय. दोर टाकलाय. धर!"

खरखर. मग दमलेला, ओळखीचा आवाज. "मिळाला... मिळाला दोर!"

सासूला हुंदका फुटणार, तोच जावयानं तिच्याकडे न बघता ओठांवर बोट ठेवलं. पडद्यावर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका पेटलेला होता. सासूनं टेबल पुसायचं फडकं उचलून तोंडात कोंबलं. तिचे खांदे गदागदा हलत राहिले.

बायको जवळ आली. आईच्या तोंडातलं फडकं तिनं हळूच काढून घेतलं.

"रड, आई," ती म्हणाली. "चांगली मोठ्यानं रड."