‘काही नाही’चा अर्थ

जुन्या प्रोग्रामने शून्य पाठवलं, की त्याला म्हणायचं असतं, ‘काही अडचण नाही.’ नवा प्रोग्राम मात्र त्याच शून्याचा अर्थ नुसता ‘नाही’ असा घेतो. दोघांच्या मध्ये बसून एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या भाषेत नीट पोहोचवायचं, हे माझं पोटापाण्याचं काम.

काल आईला दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टर म्हणाले, "वर्षभर दुखणं अंगावर काढलंय यांनी."

"मी रोज फोनवर विचारायचो गं ताई. ‘काही नाही रे’ म्हणायची."

"वा रे पंडिता! यंत्रांचं बोलणं कळतं, आणि आईचं ‘काही नाही’ तेवढं कळलं नाही?"

 

देवा, कळायचं रे. पण कळलं म्हटलं असतं, तर सुट्टी काढून यावं लागलं असतं.