कोपरावरची चिकटपट्टी

कर्टने केबिनचं दार लावून घेतलं आणि डॅरिनला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बर्फ उपसायची यंत्रं बनवणाऱ्या मिनेसोटातल्या त्या कंपनीत सकाळपासून ज्याच्या ज्याच्या मागे साहेबाचं दार लागलं, तो खोका घेऊनच बाहेर पडला होता. नोकरकपात. नऊ महिन्यांचा पगार हातावर आणि वर नारळ.

डॅरिनने चेहरा पाडायचा प्रयत्न केला. पडेना. मग त्याने गेल्या हिवाळ्यात प्लंबरला मोजलेले पैसे आठवले. लगेच पडला.

त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात राजीनामा होता. दोन वर्षं तिथेच होता. अठरा वर्षं अर्धा पगार फंडात टाकून तो गप्प बसला होता. शेअर बाजार कोसळला तेव्हा लोक रडत विकत होते, हा शिट्टी वाजवत घेत होता. दोन वर्षांपूर्वी, बेचाळिसाव्या वर्षी, जन्मभर पुरेल एवढी रक्कम जमली. आता घरामागच्या शेडमध्ये आपल्या हाताने एक लाकडी होडी बांधायची आणि नदीत सोडायची, एवढंच उरलं होतं. पण आपणहून नोकरी सोडली तर छदाम मिळत नाही, आणि काढून टाकलं तर नऊ महिन्यांचा पगार मिळतो. फुकटचं सोडेल तो डॅरिन कसला! तो कपातीची वाट पाहत बसला.

तशी फुकटाशी त्याची जुनी दोस्ती. ऑफिसच्या फ्रिजमध्ये दर सोमवारी ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्या-खिम्याची हॉटडिश असायची. वर चिठ्ठी, 'उरलीय, कुणीही घ्या.' बाकीचे तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत. सहा वर्षं डॅरिनच ती घरी नेत होता आणि सहकाऱ्यांच्या उधळेपणाची कीव करत होता.

"तळ्यावरचा बर्फ यंदा चौदा इंच झालाय," कर्ट म्हणाला.

"हो का," डॅरिन म्हणाला. इथे कुणीही मुद्द्याला एकदम हात घालत नाही. मग बर्फ झाला, मासे झाले, कर्टचा नवा ट्रक आणि नवी बोट झाली. दोन्ही हप्त्यांवर. बोलता बोलता डॅरिनचं लक्ष भिंतीकडे गेलं. कर्टने पकडलेल्या भल्यामोठ्या माशाची तसबीर तिथे नव्हती, नुसता खिळा होता. रंगकाम काढलं असेल, असं त्याला वाटलं.

"तुझं नाव यादीत होतं," कर्ट शेवटी म्हणाला. "सगळ्यात वर. पण घाबरू नकोस. मी खोडलं."

"का?" डॅरिन जवळजवळ किंचाळलाच.

"अरे, आम्हाला डोळे आहेत! अकरा हिवाळे तोच कोट. कोपराला चिकटपट्टी. गाडीचं दार दोरीने बांधलेलं. कुणाच्या वाढदिवसाला केक उरला की रुमालात गुंडाळून नेतोस. घरी काय चाललंय ते आम्ही कधी विचारलं नाही. विचारणार तरी कसं? पण कळतं रे."

डॅरिनला खरं सांगायची सोय नव्हती. या मुलुखात माणूस आपल्या मूळव्याधीबद्दल चारचौघांत बोलेल, पैशाबद्दल सख्ख्या भावाशीही बोलणार नाही.

"मग माझ्या जागी कुणाचं नाव दिलंस?"

कर्ट खिडकीबाहेर बघू लागला. "एक द्यायचंच होतं. दिलं."

डॅरिनने पुन्हा खिळ्याकडे पाहिलं. मग टेबलाखाली. तिथे खोका होता आणि त्यातून तसबिरीतला मासा डोळे वटारून बघत होता.

"वेडा झालास का? खोड ते! माझं घाल!"

"यादी सकाळीच वर गेली, सह्याही झाल्या. आता कुणी संध्याकाळपर्यंत आपणहून राजीनामा दिला, तरच एक जण परत. आणि आजकाल असा दानशूर कोण बसलाय?"

नऊ महिन्यांचा पगार! आयुष्यात डॅरिनने कुठल्याच गोष्टीची पुरती किंमत मोजली नव्हती. त्याने मनात नऊचा गुणाकार दोनदा केला. मग त्याने खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. कागदाच्या घड्या फाटायला आल्या होत्या.

"नको नको," कर्ट म्हणाला.

"घे."

"छे! खाशील काय?"

इथे पहिल्या आग्रहाला नाही म्हणतात, दुसऱ्यालाही नाही म्हणतात, तिसऱ्याला मात्र घेतात. पण डॅरिनने ओळखलं, की हा तिसऱ्यांदाही घेणार नाही. उपाय एकच होता. त्याचे कान लाल झाले. तो टेबलावरून वाकला आणि कर्टच्या कानात त्याने आकडा सांगितला.

कर्ट उभा राहिला. परत बसला.

"बोटीपेक्षा जास्त?"

"बोट, ट्रक, तुझं घर. शेजाऱ्याचंही."

मग कर्टने राजीनामा हळूच आपल्याकडे ओढला, खोक्यातून मासा काढला आणि खिळ्याला टांगला. वाकडा लागला होता, तो सरळ केला.

"सोमवारची ती हॉटडिश," तो पाठमोराच म्हणाला, "सहा वर्षं माझी बायको मार्लिस पहाटे उठून तुझ्यासाठी करतेय. तू संकोचशील म्हणून ती चिठ्ठी. बाकीच्यांना मी बजावलं होतं, हात लावायचा नाही."

डॅरिनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण जित्याची खोड.

"मग... येत्या सोमवारी?" त्याने चाचरत विचारलं.

"येत्या सोमवारी तू करून आण," कर्ट म्हणाला. "आता तुला वेळही आहे."