तिसरी पायरी

"हा एक्केचाळीस नंबर रोज शेवटी कसा?" रश्मी कानिटकरांनी दुधाच्या रजिस्टरवरून नजर न उचलता विचारलं.

तीन महिने राबून हे रजिस्टर बुद्धभूषणनंच बसवलं होतं. कुणाचं दूध किती वाजता घेतलं, ते कुणी हुंगून बघितलं, फॅट कुणी मोजली, सगळ्याला रकाना. वेळेचा रकाना तर खास त्याच्या डोक्यातून निघालेला. हौसेनं आखलेल्या रकान्यानंच आपली मानगूट धरावी, आता याला काय म्हणायचं?

पणदऱ्याच्या पुढची वाडी. अठ्ठ्याण्णव सालचा मार्च. दूध संघानं गावोगावच्या संस्थांचं काम तपासून त्यांना पायऱ्या द्यायचं काढलं होतं, आणि त्यासाठी पुण्याहून या परीक्षक बाई आल्या होत्या. मनाला येईल तसं काम चालतं, ती पहिली पायरी. जे लिहिलंय तेच होतं आणि जे होतं ते सगळं लिहिलंय, माणूस बदलला तरी रीत बदलत नाही, ती तिसरी. आपल्या चुका आपणच हुडकून सुधारणारी संस्था पाचवीवर. संस्थेचे सचिव हिंदुराव हसून म्हणायचे, जेजुरीला नऊ लाख पायऱ्या, आपल्याला तर पाचच, चढू की. तिसरी मिळाली की बुद्धभूषण संघात कायम होणार होता. बी.एस्सी. होऊन चार वर्षं तो रोजंदारीवर होता.

आणि एक्केचाळीस नंबर म्हणजे ताईबाई. बुद्धभूषणची आई.

ती उशिरा यायची असं अजिबात नाही. धार काढून ती सगळ्यांच्या आधी दारात उभी असायची. पण बौद्ध वस्तीतलं दूध सगळ्यांच्या मागून घ्यायचं आणि वेगळ्या कॅनमध्ये ओतायचं, ही डेअरीची पहिल्या दिवसापासूनची रीत, आणि वस्तीतून दूध घालणारी ती एकटीच. तिला कुणी तसं तोंडानं सांगितलं नव्हतं. हिंदुराव बोलायला गुळासारखे गोड. "ताईबाई, जरा थांबा हं," एवढंच म्हणायचे, आणि ती थांबायची. आज तेवढा कॅन त्यांनी पत्र्याच्या मागं सारून ठेवला होता.

दूध घ्यायच्या रितीची चौदा पानं बुद्धभूषणनं लिहिली. हे पंधरावं पान लिहायला मात्र त्याचा हात धजला नाही. आधी कायम होऊ, मग बघू, असं तो मनाशी म्हणाला. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत काढायला फार वेळ लागत नाही.

रश्मीबाईंनी रजिस्टर त्याच्यासमोर फिरवलं. रांग रोज बदलते, त्या म्हणाल्या. कुणी आजारी असतं, कुणाकडं लग्न असतं, आजचा पहिला उद्या मागं पडतो. नव्वद दिवसांत हा एकच नंबर एकदाही वर सरकलेला नाही. ही रीत असेल तर लिहिलेली का नाही?

हिंदुराव चपलेनं माती उकरत राहिले. रांगेतले सभासद एकाएकी आपापल्या किटल्यांत डोकवायला लागले.

"त्यांचं घर लांब आहे, मॅडम," बुद्धभूषण म्हणाला.

ताईबाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं ते ऐकलं. बाईंनी तिच्याकडं वळून विचारलं, खरंच का आजी, घर लांब आहे? ताईबाईनं लेकाकडं बघितलं. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन आणि सकाळच्या गारव्यात कपाळावर घाम.

"व्हय बाई, लांब हाय," ती म्हणाली. "कालव्याच्या पल्याड."

बाईंनी तसं लिहून घेतलं. मग शंका फिटली म्हणाल्या, तिसरी पायरी द्यायला हरकत नाही. हिंदुरावांनी लगेच चहा सांगितला. कुणीतरी बुद्धभूषणची पाठ थोपटली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावानं आईला इतकी वर्षं रांगेत मागं ठेवलं होतं. आज त्यानं तिला गावाबाहेर काढलं होतं, आणि तिनं मान डोलावली होती.

ताईबाईचं दूध ओतून झालं. तिनं पावती घेतली, रिकामी किटली उचलली. तिचं घर डेअरीच्या मागच्या भिंतीला लागून होतं. दारातून उजवीकडं वळलं की वीस पावलं. ती दाराबाहेर आली. रश्मीबाई कप घेऊन पायरीवर उभ्याच होत्या. ताईबाईनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि ती डावीकडं वळली, कालव्याच्या रस्त्याला लागली.

बुद्धभूषणला वाटलं, थोडं पुढं जाऊन उसाच्या आडून परत येईल. पण ऊस तुटून गेला होता. पुलापर्यंत नुसतं मोकळं रान, मुंगी चालली तरी दिसावी. ताईबाईचे दोन्ही गुडघे धरलेले. ती एक हात मांडीवर टेकवत, थांबत, पुन्हा चालत होती. तिनं मागं वळून बघितलं नाही.

"या वयात रोज एवढं चालतात?" रश्मीबाई हळहळल्या. कालव्यापलीकडं दुधाची गाडी पाठवायची शिफारस मी करते, असंही त्या म्हणाल्या.

बुद्धभूषणनं कप खाली ठेवला. हिंदुरावांनी त्याचं मनगट धरलं आणि हळूच म्हणाले, "आरं, कायम व्हायचंय न्हवं तुला?"

त्यानं हात सोडवून घेतला. रस्त्याच्या मधोमध जाऊन तो सगळ्या डेअरीला ऐकू जाईल असा ओरडला.

"आई, मागं फिर. आपलं घर हितं हाय."