धाकटीची पत्रिका

माझ्या टायपिंगच्या दुकानातला विकतचा प्रोग्रॅम बंद पडला, म्हणून हा फुकटचा डाउनलोड केला. थोरलीच्या लग्नाची पत्रिका त्यात उघडली, तर अक्षरांच्या जागी नुसत्या किड्यामुंग्या.

म्हणजे धाकटीची पत्रिका आता मुळापासून टाइप करायची. गावभरच्या पत्रिका करून माझी बोटं झिजली, पण यात एक गोष्ट जागेवर असेल तर शपथ! वैतागत, मान चोळत, कशीबशी कुलदैवतापासून आहेरापर्यंत पोचले.

धाकटी मागे उभी राहून वाचत होती. हळूच म्हणाली, "आई, बाबांच्या नावाआधी 'श्री.' झालंय."

लोकांच्या घरचे कितीतरी 'कै.' मी न अडखळता टाइप केले होते.

"हा प्रोग्रॅमच नवा आहे गं," मी म्हटलं, "हात बसला नाही अजून." आणि खोडायचं बटण शोधत बसले.