न पुसलेलं रेकॉर्डिंग

तनुजानं किलोच्या वजनाला टेकवून मोबाइल छोट्या पियानोसमोर उभा केला. नवी धून आज माहेरच्या ग्रुपवर पाठवायचीच, असं तिनं ठरवलं होतं. दोनदा बोट चुकलं, तरी ती थांबली नाही. शेवटच्या ओळीला नवरा अंगणातून खेकसला, "ते टुंगटुंग बंद कर! मेथीच्या जुड्या बांधाले काय तुहा बाप येईन?" तनुजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या अशा ओरडण्यापायी तिनं आजवर प्रत्येक रेकॉर्डिंग मुकाट पुसलं होतं. हे मात्र तिनं जसंच्या तसं पाठवलं. लगेच बाबांचं उत्तर आलं, "बेस वाजवलं पोरी. जावईबापू, तिचा बाप निघाला जुड्या बांधाले." त्या ग्रुपवर नवराही होता; आपल्या मोबाइलवर ते वाचून तो आत धावला. "काहून पाठवलं? डिलीट कर!" "माह्या चुका तशाच ठेवल्या ना मी," तनुजा वजन आपटत कडाडली, "मंग तुमचीच कायले पुसू?"